दिलेलं चाक

मी जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत खेळाडू कोट्यातून लागलो. पहाटे मंडला रोडवर ऐंशी-नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि मग ड्यूटी, असं सहा वर्षं चाललं. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी रोड रेसच्या चौघांत माझी निवड झाली, तेव्हा त्याच फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेल्या बाबांनी आमच्या अख्ख्या कांचघर मोहल्ल्यात पेढे वाटले.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कोच म्हणाले, "कॅप्टनला पुढे न्यायचं. तुम्ही तिघं त्याच्यासाठी."

ते मला मान्य होतं. सायकलिंगमध्ये असंच असतं.

निम्मी शर्यत झाली तेव्हा मी पुढच्या घोळक्यात होतो आणि पाय अजून हलके होते. तेवढ्यात कॅप्टनचं मागचं चाक पंक्चर झालं. आमच्या संघाची गाडी खूप मागे राहिली होती. तो ओरडला, "पहिया दे!" मी उतरलो, माझं चाक काढून त्याच्या सायकलला बसवलं, त्याला ढकललं. तो गेला. वळून पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने गाडी आली. टपावर एक चाक होतं. मी हात पुढे केला तर कोच खिडकीतून म्हणाले, "हे कॅप्टनसाठी राखून ठेवलंय. मागून गाडी येईल, तीत बस." मागून आली ती शर्यत सोडलेल्यांना गोळा करणारी गाडी. आत बसलेल्या माणसाने माझ्या पाठीवरचा नंबर काढून घेतला.

पुढच्याच चढावर कॅप्टनच्या पायात गोळे आले आणि त्यानेही शर्यत सोडली. कोचच्या अहवालात माझ्याबद्दल एकच ओळ होती: दम कमी पडला. पुढच्या शिबिराला मला बोलावणं आलं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू काहून दिलं रे?" एवढंच विचारलं. त्यानंतर कित्येक दिवस ते पेढे वाटलेली घरं टाळत बाजाराला लांबच्या गल्लीने जात.

मागच्या हिवाळ्यात तोच कॅप्टन सत्कारासाठी जबलपूरला आला. सिविल लाइंसमधल्या हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तो माइकवर म्हणाला, "पहिया फट गया, मगर मैंने हिम्मत नहीं हारी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का, ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर गर्दीत वाट काढून त्याच्यापर्यंत पोचलो. "वो पहिया मेरा था," मी म्हणालो.

त्याने क्षणभर निरखून पाहिलं. "अच्छा, अच्छा. वो तो आपका काम था ना, भैया," असं म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि फोटोसाठी दुसरीकडे वळला.

घरी बायकोने विचारलं, "ओळखलं का तुम्हाला?"

"ओळखलं ना," मी म्हणालो आणि जेवायला बसलो.