तीन मिलिमीटरचे अण्णा

अण्णांच्या दुकानातून धक्का न बसता बाहेर पडलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. मी तर त्यांच्याकडे कामालाच आहे. मला तो रोज बसतो. मी रत्नागिरीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. हायवेच्या कामावर सीमेपलीकडच्या मन्नाएखेळ्ळी गावात आलो, काम संपलं, टोळी पुढे गेली आणि अण्णांनी मला घरांचे नकाशे काढायच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी म्हणालो, मला इंग्रजी येत नाही. "त्याला तरी कुठं येतंय? दाबून बघ," अण्णा म्हणाले. तेव्हापासून त्यांचे उपकार आणि नोकरी जायची धास्ती, दोन्ही सांभाळत मी त्या खुर्चीवर बसतो.

अण्णांचा जीव नकाशावरच्या अक्षरांत. माझ्या पहिल्याच कागदावर अख्ख्या प्लॉटच्या नकाशात अक्षरं मुंग्यांएवढी आली, आणि शेजारच्या जिन्याच्या नकाशात म्हशींएवढी. अण्णांनी कागद पाहून प्यायला पाणी मागितलं. मग शिकवलं: घर कितीही लहान-मोठं दाखवा, कागदावर अक्षर किती उंच हवं ते कॉम्प्युटरला आधी सांगायचं, प्रत्येक नकाशाचं स्केल त्या अक्षराला जोडून द्यायचं, की ते आपलं आपण जुळवून घेतं. "भिंत आखडंल, अक्षर आखडायचं न्हाई. गवंड्याला उन्हात उभं राहून वाचावं लागतंय." उंची तीन मिलिमीटर. ह्यावर चर्चा नाही.

खिशातली स्टीलची पट्टी ते कुठंही काढतात. एकदा लग्नाची पत्रिका मापून त्यांनी भर मांडवात वधूपित्याला विचारलं, "मामाचं नाव पाच अन् काकाचं दोन? कामून भांडण लावायलाव?" शरमेनं मी मान खाली घातली. वर पाहतो तर काका खरंच चपला शोधत होते.

पण खरा हादरा बसला तो कल्याण मंडपाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयाच्या, नकाशाच्या वेळी. मुडबीच्या एका व्यापारी अप्पांचं हे काम, आमच्याकडचं सगळ्यात मोठं. ते गेलं तर माझी खुर्चीही जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अप्पा कागदावर वाकले. कोपऱ्यात मालक म्हणून त्यांचं नाव, खाली अण्णांचं, आणि त्याखाली, अण्णांनी कधी घातलं कोण जाणे, माझं. तिन्ही तीन मिलिमीटर.

"ह्यो कोण?" अप्पांनी विचारलं.

"समोर बसलाय की. नकाशा त्यानंच काढलाय."

"किती शिकलाय?"

"नववी!" अण्णांनी असं सांगितलं की जणू मी परदेशातून आलोय.

"माझं नाव मोठं करा, अन् ह्याचं पुसा."

"अप्पा, हितं सगळ्याला एकच माप हाय."

"अण्णा, पुसतो मी माझं," मी घाईनं म्हणालो.

अण्णा माझ्याकडे वळले. "पूस की. मग भिंतीबी पूस. त्याबी तुझ्याच हायत न्हाई का?"

अप्पा उठून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला होता. अण्णांनी तो दोघांत वाटला आणि मला पुढचं घर उघडायला सांगितलं. जा म्हणाले नाहीत.

मंडप शेवटी दुसऱ्याच्या नकाशावर उभा राहिला. परवा तिथं एका लग्नात आम्ही शेजारी-शेजारी जेवायला बसलो होतो. अण्णा हातात घास धरून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत राहिले.

"हितं तुझा जिना असता," ते म्हणाले.

अण्णांना इतकं हळू बोलता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.