राणीचं तिकीट

क्लबच्या मालकाने कॅरमची राणी हाताने उचलली नाही. टेबलावरची फूटपट्टी घेतली, माझ्यासमोरची राणी बोर्डच्या कडेपर्यंत सरकवली आणि पावडरच्या डब्यात पाडली. डबा हलवला. समोरचा खेळाडू खिडकीबाहेर बघत राहिला.

सत्तरच्या दशकात वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर हा कॅरम क्लब होता. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचो आणि रविवारी सकाळी खेळायला जायचो. साधं तिकीट दहा पैसे. त्यात नुसत्या सोंगट्या खेळायच्या, राणी घ्यायची नाही. राणीचं तिकीट पंचवीस पैसे. राणीशिवाय बरोबरीच्या माणसाशी जिंकणं कठीण. म्हणजे जिंकायची मुभा वेगळी विकली जायची.

आमच्या वस्तीतल्यांना आणखी एक नियम होता. तो पाटीवर लिहिलेला नव्हता. आमचा स्ट्रायकर खिडकीत वेगळा ठेवलेला. जाळीत पडलेल्या सोंगट्या समोरच्याने काढायच्या. वर्षभर मी हे मुकाट पाळलं. मला वाटायचं, सगळं अडलंय ते वरच्या पंधरा पैशांवर.

त्या रविवारी मी राणीचं तिकीट काढलं. राणी घेतली, कव्हरही घेतलं. मग तिथे सगळे करत तेच केलं. जाळीत हात घातला, राणी काढली, आपल्यासमोर ठेवली.

डबा हलवून झाल्यावर मालक म्हणाला, "तिकीट खेळाचं हाय. राणीले हात लावाचा नाही."

"पैसे त तुमी माया हातातूनच घेतले, भाऊ."

"पैशाले इटाळ नसते."

त्याने पंचवीस पैसे बोर्डवर टाकले. उठ म्हणाला. आठवडाभराच्या गाठींपेक्षा वर्षभर मागे घेतलेल्या हातांनी मी जास्त थकलो होतो. पैसे उचलले असते तर त्याच्या लेखी प्रकरण मिटलं असतं. मी डब्यात हात घातला. राणी काढली. पुसली नाही. पुन्हा समोर ठेवली आणि बसून राहिलो. बाकीच्यांनी दुसरा बोर्ड मांडला. जेवणाच्या वेळी क्लबला कुलूप लागेपर्यंत मी जागचा हललो नाही.

तिथे मला पुन्हा तिकीट मिळालं नाही. तेव्हापासून कुठेही पैसे देण्याआधी मी चारचौघांत विचारतो, आत हात लावू देणार का? उत्तर टाळलं गेलं, तर तिथेच बसतो. उठ म्हटल्याने उठत नाही.