हवामानकाकांचा एकच चुकलेला अंदाज

आभाळाकडे बघायच्या आधी काका भिंतीला हात लावायचे. बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि मग सांगायचं, "पहाटे भुरभुर पडेल. दुपारी वारा दक्षिणेचा होईल, सगळं वितळेल. बर्फ पाहुणा आहे, चहा पिऊन जाईल." फोनमधली चार ॲप चार गोष्टी सांगायची, पण व्हायचं काका म्हणाले तेच. मला याचा भारी राग यायचा.

काकांनी तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका धरणावर रोज सकाळी पाऊस मोजला होता. रिटायर झाल्यावर मुलाकडे आले, इथं अमेरिकेत, रेडमंडला. आमच्या मराठी ग्रुपवर सगळे त्यांना हवामानकाका म्हणायचे. बर्फ पडला की स्वेटरच्या खिशात स्टीलची फूटपट्टी घालून ते सकाळीच निघायचे आणि प्रत्येकाच्या दारातला बर्फ मोजायचे. "चुकला तर अंदाज माझा, बरोबर आला तर आभाळाचा," असं म्हणायचे. माझं बरोबर उलटं. बरोबर आलं की माझं, चुकलं की बायकोचं.

आता मी कोण, तर नववी नापास. कराडला टेम्पो चालवायचो. बायको वैशाली इंजिनिअर, तिनं माझ्याशी लग्न का केलं हे मी विचारत नाही, उगाच तिला विचार करायला लावायचं कशाला? तिच्या व्हिसावर इथं आलो. पोळ्या लाटतो, मुलीला शाळेत सोडतो, पार्टीत जोक मारतो. एकच गोष्ट मला कळते असं मला वाटायचं. घाटातलं धुकं बघून गाडी काढायची की नाही, हे मी अख्ख्या स्टँडला सांगायचो. इथं ती एकुलती एक गादी, तिच्यावर काका आधीच मांडी घालून बसलेले. मुलीला म्हटलं, जाड जॅकेट घाल, तर ती म्हणते, "बट काका सेड इट्स गोइंग टू बी वॉर्म, बाबा." तरी मी घालायला लावलं. संध्याकाळी जॅकेट शाळेत विसरून आली, आणि मला आत कुठंतरी वाटलं, काकांनीच विसरायला सांगितलं असणार.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्याकडे होतं. शनिवारी दुपारी दोनला. गुरुवारी सगळ्यांच्या फोनवर बर्फाची वॉर्निंग आली. बायका घाबरल्या, इथले चढउतार, कोण ड्राइव्ह करणार? काकांनी ग्रुपवर टाकलं, शनिवारी पहाटे दोन बोटं भुरभुर, बारापर्यंत साफ, खुशाल या. मी लगेच खाली टाकलं, घाटातला अनुभव सांगतो, फूटभर पडणार, कॅन्सल करा. त्यावर अकरा जणांनी हसरे चेहरे पाठवले. त्यांना वाटलं जोक आहे. वैशालीला नाही वाटलं. "स्वतःच्या घरचं हळदीकुंकू कॅन्सल करतोस? काकांना खोटं पाडायला?" मी म्हटलं तसं काही नाही. तसंच होतं.

शनिवारी उठून बघतो तर दोन बोटं. तीन असती तरी चाललं असतं मला. वैशालीनं झाडू हातात दिला. तीन पायऱ्या झाडल्या, आणि मनात आलं, आता दार असं सजवतो की बायका हवामान विसरून या दिलीपचं नाव घेतील. आई सणाला करायची तसा बादलीभर पाण्याचा सडा टाकला, वर झकास रांगोळी काढली, आणि पोळ्यांकडे वळलो. बाहेर शून्याखाली थंडी होती, त्यात पाणी गोठतं हे नववीत शिकवतात की नाही मला आठवत नाही.

नऊला धप्प आवाज आला. पळत गेलो. काका पायरीखाली बसलेले, फूटपट्टी लांब पडलेली, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. पायऱ्यांची काच झाली होती आणि काचेच्या आत माझी रांगोळी, फोटो फ्रेम केल्यासारखी. काकांनी पायऱ्या बघितल्या, मग मला बघितलं.

"आभाळाचं सगळं धरलं होतं रे दिलीप," ते म्हणाले. "तुझा सडा धरायचा राहिला."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून घेताना त्यांनी डाव्या हातानं ग्रुपवर टाकलं, अंदाज चुकला, निसरडं होतं, सगळ्यांनी जपून या. काकांचा तेवढा एकच अंदाज चुकला, आणि तो माझा होता. हळदीकुंकू झालं, बारालाच ऊन पडलं, पुरावा वितळून गटारात गेला. मी गप्प बसलो. चूक करावी तर ती पण काकांनी, आणि तीही माझ्यापेक्षा ऐटीत. त्याचाही मला हेवा वाटला, काय सांगू.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाला चँडलरला नोकरी मिळाली, पार ॲरिझोनाच्या वाळवंटात. निरोपाच्या जेवणात मी उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. मग शेजारची काकू म्हणाली, "माहितीये. फरशीत रंग दिसत होते की दोन दिवस. काकांनीच सांगितलं, त्याला बोलू नका." काका खाली मान घालून श्रीखंड चाटत होते. जाताना फूटपट्टी माझ्या हातात दिली.

गेल्या आठवड्यात पुन्हा वॉर्निंग आली, हलका बर्फ, मग ऊब. वैशालीनं सवयीनं विचारलं, "काका काय म्हणतायत?" म्हणून चँडलरला फोन लावला.

"इथं रोज ऊन, माझा हात गंजला," काका म्हणाले. "तू बघ की. भिंत काय म्हणते?"

बाहेर गेलो, तळहात टेकवला. गार होती, पण कोरडी नाही, थोडा घाम होता. "भुरभुर," मी म्हटलं. "उद्या दुपारपर्यंत जाईल."

"मग टाक ग्रुपवर. चुकलं तर माझं नाव सांग."

मी टाकलं. खाली माझंच नाव लिहिलं.