काकाजींच्या तारेवरची पंगत

जगात वशिला न चालणारी एकच जागा मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे माझ्या काकासासऱ्यांचा हात. मग त्या हातात वरणाची बादली असो की इंटरनेटची तार. माझं घर आणि सासर सडक अर्जुनीजवळच्या एकाच गावात. तिथं लग्न असो, तेरवी असो, पंगतीत वाढायला काकाजीच. ओळीत जो आधी बसला त्याच्या पानात आधी, सरपंच असो वा गुराखी. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मी जावईपणाच्या तोऱ्यात ओळीच्या शेवटून हात उंच करून वडे मागितले. "जवाई, घरी तुमी पाहुने. इथं तुमी एक पान," म्हणत ते पहिल्या टोकाकडे निघून गेले. माझ्यापर्यंत येईस्तोवर वडे संपले आणि जावयाचा मान नुसत्या कढीवर राखला गेला. स्वतः ते सगळ्यांच्या मागून बसतात आणि उरलंसुरलं अशा चवीनं खातात की, जेवून उठलेल्यालाही पुन्हा भूक लागावी.

गावात केबलचं इंटरनेट आणलं तेही त्यांनीच, आणि चालवलं वाढप्याच्याच धर्मानं. एकदा गोंदियाहून कुठल्याशा कंपनीचा माणूस आला. "चाचाजी, बस हमारा अ‍ॅप फास्ट छोड़ो, बाकी सब थोड़ा स्लो. कस्टमर को पिक्चर, क्रिकेट, सब फ्री!" कुणी विचारलं नसताना मी म्हणालो, "फुकट आहे काकाजी, घ्या!" काकाजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "म्हंजे तुमच्या पानात तूप, अन् बाकीच्याइच्या पानात हात धुवाचं पानी. माह्या हातानं नाही होत, भाऊ." भाऊ उठला तो थेट गावातल्या दुसऱ्या केबलवाल्याकडे गेला आणि बघता बघता अर्धं गाव तिकडे सरकलं. त्यात पहिला मी. क्रिकेट होतं ना! माझी तार काढायला काकाजी स्वतः आले, नीट गुंडाळली आणि "पाहा पोटभर" एवढंच बोलले. पण त्यांना लागलं ते बालमित्राच्या घराचं तिकडे जाणं. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, लुगडं नेसून मंडईची अख्खी जत्रा हलवणारा हा नाच्या आता लकव्यानं खाटेवर होता. सुनेनं मालिकांसाठी तार बदलली होती.

दिवाळीनंतर मंडई भरली. खाटेवरच्या गड्याला दंडार दिसावी म्हणून काकाजींनी चौकात बांबूला मोबाईल बांधून ती इंटरनेटवर थेट सोडली, आणि मला मित्राच्या घरी त्याच्या खाटेशी बसवलं. तिथं दुसऱ्याच्या तारेवर फुकटचे पिक्चर लोण्यासारखे घसरत होते; दंडार लावली की पडद्यावर नुसती चकरी. नाचणाऱ्याचा वर गेलेला पाय खाली यायलाच तयार नाही. "काऊन गा, ढोलकी काऊन थांबली?" म्हातारा कासावीस झाला. मी फोन केला. काकाजी खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून आले आणि मलाच कौलांवर चढवलं. माझ्या पायाखाली कौलं फुटली, सुनेनं माझा उद्धार केला. तरी वरून मी संधी साधलीच. "काकाजी, ही तर ओळ मोडली तुम्ही!"

"ज्याले उठून ओळीत येता येत नाही, त्याच्या पानापाशी वाढप्यालेच जा लागते. याले मोडनं नाही म्हनत. तार धरा नीट!"

खाली ढोलकी घुमली. फुटक्या कौलातून मी पाहिलं, तर म्हाताऱ्याचा चालता हात खाटेवर ठेका धरत होता, आणि काकाजी दारातच उभे राहून जागच्या जागी पाय हलवत होते.

यंदाच्या मंडईला म्हातारा नव्हता. काकाजींकडे आता मोजकीच घरं उरली आहेत. त्यात परत आलेलं माझं एक, ओळीत शेवटचं. तरी चौकात त्यांनी मोबाईल बांधलाच. मी हळूच विचारलं, "काकाजी, त्या घरावरची तार काढून आणू का?"

बांबूची गाठ आवळत, वर न बघता ते म्हणाले, "राहू द्या. मांडलेलं पान उचलाची घाई कायले?"