पाण्याला जपा

माझ्या मुलीच्या पायांतले पैंजण मी माझ्या हातांनी काढले, तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! ते मावशींनी घातले होते. मावशी निर्मळच्या वाडीत फुलं खुडायच्या, गजरे करायच्या आणि जोडीला दोन-तीन पोरं सांभाळायच्या. माहेर अर्नाळ्याचं, बोलणंही तिकडचंच. सकाळी मी स्कूटरवरून तीन वर्षांच्या लेकीला त्यांच्या ओट्यावर सोडायचे आणि वसई पूर्वेच्या आमच्या छोट्याशा कारखान्यात जायचे. तिथे मी इलेक्ट्रॉनिक सर्किटं डिझाइन करत असे.

लेकीच्या पायाला भिंगरी होती. मावशी मांडीवर सूप घेऊन कळ्या ओवत बसायच्या, मान खाली आणि कान घुंगरांकडे. आवाज केळींच्या बाजूला गेला की बसल्या जागेवरूनच हाक मारायच्या. आवाज थांबला तर मात्र सूप टाकून उठायच्या. "पोर गप झाली ना बाय, का समजायचं कायतरी उद्योग चाललाय," म्हणायच्या. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे. वाडीच्या टोकाला बावखल होतं, झाडांना शिंपायला पूर्वी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. त्याला कठडा नाही. आणि भरवसा कशावर, तर दोन रुपेरी घुंगरांवर!

म्हणून मी दोन पट्टे बनवले. एक लेकीच्या मनगटावर, एक मावशींच्या. दोघींत वीस पावलांहून जास्त अंतर पडलं की मावशींचा पट्टा थरथरायचा. पहिल्याच दिवशी तो बांगड्यांमध्ये थरथरला आणि हातावर विंचू चढला असं वाटून मावशींनी सूप भिरकावलं. अंगणभर तगरीच्या कळ्या. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मग त्यांनी तो कमरेच्या बटव्यात ठेवायचं ठरलं. केळीच्या खोडांत पाणीच पाणी, त्यात सिग्नल बुडायचा आणि पोर चार हातांवर असली तरी पट्टा उगाच थरथरायचा. त्यात आठवडा गेला. पण शेवटी तो शहाण्यासारखा वागायला लागला आणि त्या संध्याकाळी मी पैंजण काढले.

"आता यांची गरज नाही, मावशी."

"पोरीचे पाय भुंडे दिसतात गं," त्या म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

एक खोट राहिली होती. पट्ट्याच्या डबीचे सांधे पक्के बंद होत नव्हते. ते पुढच्या मॉडेलला बघू, असं मी ठरवलं होतं. एके दिवशी हातपाय धुताना लेकीचा पट्टा भिजला आणि बंद पडला. दुरुस्तीत माझा अख्खा रविवार गेला. सोमवारी तो परत देताना मी तोंड वाकडं करून म्हणाले, "मावशी, पाण्याला जपा हं. एक थेंब आत गेला की संपलं."

मावशींच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. लग्नात आलेला कपबशांचा संच कपाटातून कधी बाहेर आला नव्हता. चांगली वस्तू वापरायची कमी आणि जपायची जास्त, ही त्या घराची रीत. मला ती ठाऊक होती. तेव्हापासून लेक हौदाजवळ गेली, आंघोळीला गेली, शिंपण्याच्या पाटात खेळायला गेली की मावशी तिचा पट्टा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि आपल्याच बटव्यात टाकायच्या. दोन्ही पट्टे एका बटव्यात. मग मावशींचा थरथरणार कसा?

हे मी पाहिलं होतं, हे सांगायलाच हवं. एकदा न्यायला गेले तर लेक हौदाशी पाय धूत होती आणि मनगट मोकळं. "पानी लागंल ना बाय," मावशी म्हणाल्या. मला बरं वाटलं. बाई वस्तू जपते, एवढंच माझ्या मनात आलं. इंजिनिअर म्हणवणाऱ्या मला याच्या पुढचा विचार सुचला नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फुलांचा टेम्पो भरदुपारीच आला. मावशी पोरांना जेवू घालून त्यांचे हातपाय धुवत होत्या. लेकीचा पट्टा काढून बटव्यात गेलेला. त्या टोपल्या चढवायला रस्त्यापर्यंत गेल्या. एरवी हाका मारत गेल्या असत्या, कान मागे ठेवून गेल्या असत्या. "बायचं मशीन हाय, पोर लांब गेली तर वाजंल," असं वाटलं, हे त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. मशीन वाजलं नाही. पावसाळा नुकताच सरला होता, बावखल काठोकाठ होतं.

मला फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा विसळत होते. मी पोचले तोवर तिला ओट्यावर निजवलं होतं. कुणीतरी तिच्या अंगावर मावशींची कोरडी साडी घातली होती. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मग सगळे मावशींवर तुटून पडले. माझा नवरा म्हणाला, त्या बाईला टेम्पो महत्त्वाचा होता. बाकीच्या पोरांच्या आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. पोलिसांनी मला विचारलं, पट्टा का वाजला नाही? मी म्हणाले, त्यांनी तो काढून ठेवला होता. खोटं नव्हतं ते. तेवढंच खरं सांगून मी गप्प बसले. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

चौदाव्या दिवशी त्या आमच्या फ्लॅटवर आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, दाराशीच टेकल्या. बटव्यातून गजऱ्याच्या दोऱ्याने तोंड बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. आत दोन्ही पट्टे होते, पुसून लख्ख केलेले.

"तुझी वस्तू, बाय," त्या म्हणाल्या. "एक थेंब पानी नाय लागू दिलं."

मावशी, तुम्ही माझंच ऐकलंत, हे निदान तेव्हा तरी म्हणायला हवं होतं. मी पिशवी घेतली आणि विचारलं, चहा टाकू का.