माझ्या साडूंचे बोगदे

माझ्या साडूंचा हात लागूनही ज्याचा मूळ स्वभाव शाबूत राहिला, असा एकही मोबाइल राजुरा तालुक्यात उरलेला नाही.

कोळसा खाणीत उभी हयात विजेचं काम करून ते निवृत्त झाले. निवृत्त माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात. हे लोकांच्या फोनमध्ये शिरले. त्याला कारण घडलं. त्यांच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई इंटरनेटवर गावाचं एक पान चालवत. विहिरींना काळं पाणी येऊ लागलं, तेव्हा त्या रोज एका विहिरीचा फोटो तारखेसकट टाकू लागल्या. एके सकाळी ते पान उघडेनासं झालं. दुबईला गेलेल्या गावच्या पोराला दिसे. ज्यांच्या विहिरी, त्यांनाच दिसेना. कोणी बंद केलं ते कोणी सांगेना. बाई रडायला लागल्या. साडू म्हणाले, "रडता काऊन बाई? रस्ता बंद झाला तं बोगदा खंदू."

बोगदा म्हणजे व्हीपीएन. आपला फोन परदेशातल्या कुठल्याशा मशीनमधून फिरून येतो आणि बंद पान उघडतं, एवढं मला कळलं. पुढचं मी भोगलं. त्यांनी माझा फोन हॉलंडचा रहिवासी करून टाकला. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना तो मला गरम कपडे घालून बाहेर पडायला सांगे. गॅसचा नंबर लावायला गेलो, तर ही सेवा आपल्या देशात नाही म्हणे. वर आठ शब्दांचा पासवर्ड, आणि तो कागदावर लिहायची बंदी. मी विसरलो, तर साडू एसटीने घरी आले आणि बायकोसमोर म्हणाले, "गुरुजी, पोरायकडून पाढे पाठ करून घेत होते न तुमी?" पुतणीच्या साक्षगंधात तर त्यांनी नवरदेवाचाच फोन मागून घेतला आणि पंगत उठेपर्यंत परत दिला नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, मुलीकडचे चौकशी करताहेत. मी साडूंना हात जोडले, भांडलो, आठवडाभर बोललो नाही. ते मात्र, "अपडेट केलं का?" एवढंच विचारत.

मग खाण वाढवण्याची जनसुनावणी लागली. "घरच्या सगळ्याईचे फोन घेऊन या," साडूंचा निरोप आला. त्या सकाळी सगळ्या भागातलं नेटच गेलं. मला, खोटं कशाला बोलू, थोडा आनंद झाला. पण साडूंनी आधीच सगळ्यांच्या फोनमध्ये आणखी एक अ‍ॅप घालून ठेवलं होतं. नेट नसलं तरी ते ब्लूटूथवरून शेजारच्या फोनला मजकूर देई. सुनावणीच्या मांडवात त्यांनी मला आपल्या बाजूला बसवून घेतलं. एका फोनवरून दुसऱ्यात, दुसऱ्यावरून तिसऱ्यात असं बाईंचं अख्खं पान फोटोंसकट सरकत गेलं.

सुनावणी घेणारे साहेब मंचावरून म्हणाले, "पाण्याबाबत कुठलाही पुरावा आमच्यासमोर आलेला नाही."

बाई फोन वर धरून उभ्या राहिल्या. मग त्यांची रांग उभी राहिली. मग मागची. मी केव्हा उठलो ते मला कळलं नाही. माझ्या फोनमध्ये काळ्या पाण्याची बादली होती. साहेब खाली उतरले, एकेक फोन बघत गेले आणि कारकुनाला म्हणाले, "सगळे फोटो नोंदीत घ्या." पुढे पाणी तपासायला माणसं आली, टँकर सुरू झाला.

त्या दिवशी सुनावणी संपली, तेव्हा साडू मात्र मांडवामागे खाली बसले होते.

"काय झालं भाऊ?"

"भेव वाटून राह्यलं होतं गुरुजी. आज नाई, पान बंद झालं त्या दिवसापासून. मले उचलून नेलं असतं, तं तुमच्या साळीले कोन सांगतलं असतं? म्हनून तुमाले बाजूले बसवलं."

इतके दिवस मी या माणसावर नुसता चिडत होतो. त्याला भीती वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

आता गुडघ्यांमुळे ते नागपूरला मुलीकडे असतात. त्यांच्या गावी गेलो की बाई अंगणवाडीच्या दारातून विचारतात, "भाऊ कवा येनार?" मी म्हणतो, येतील दिवाळीनंतर. ते काही आता येत नाहीत, हे बाईंना ठाऊक आहे. तरी त्या दर वेळी विचारतात, आणि त्यांनी विचारलं नाही तर मला करमणार नाही.