उद्घाटन न झालेली नाव

मीनाबाईच्या तोंडाला अख्खं गाव भिऊन असतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला, कासारी नदीच्या काठावरच्या त्या गावात ती खालच्या गल्लीतल्या अंगणवाडीची सेविका आहे. काम शेंबड्या पोरांचं, पण आवाज असा की दूध संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभे असलेले बाप्येही तिला बघून विषय बदलतात. कुणाची भीड ठेवणं तिला कधी जमलं नाही आणि जमवून घ्यावं असंही तिला वाटलं नाही. स्वतःच्या नवऱ्याची तर नाहीच नाही.

खालची गल्ली बौद्ध समाजाची. ओढ्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे, चढावर, बाकीचं गाव. नदी फुगली की पाणी समोरून येत नाही, ओढ्यातून मागच्या बाजूने येतं आणि वर जायच्या वाटेवरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, आधी बुडवतं. म्हणजे घरात पाणी शिरायच्या आधीच वाट बंद. गल्लीतल्या पोरासोरांना हे ठाऊक होतं. ग्रामपंचायतीला कळायला महापूर यावा लागला आणि कळल्यावर तिने काय करावं, तर मोरीजवळ 'धोका, पूररेषा' असा फलक उभा केला. पुढच्याच पावसाळ्यात तो वाहून गेला.

एकोणीस सालच्या महापुरात ही गल्ली वाचली ती दादासोमुळे. दादासो म्हणजे मीनाबाईचा नवरा. नाव नव्हती, होडी नव्हती, सरकारी माणूस तर नावालाही नव्हता. दादासोनं गुऱ्हाळावरची काईल पाण्यात लोटली. काईल म्हणजे उसाचा रस आटवायची भली थोरली कढई. ती पाण्यावर तरंगते खरी, पण जागच्या जागी गरगर फिरते, सरळ म्हणून जात नाही. दादासोनं स्वतः पाण्यात उतरून, एका हाताने पोहत, दुसऱ्या हाताने तिची कड धरून पोरं पलीकडे नेली. एक पोरगं वाकून पाण्यात पडलं, तर त्याला केसाला धरून वर ओढलं. संध्याकाळी त्याच्या छातीला लोखंडाच्या काठाचे ओरखडे होते. मीनाबाईला नवऱ्याचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. तोंडाने बोलायची तिची रीत नाही, म्हणून तिने त्याच्या ताटात न विचारता दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

मग घात केला तो सत्काराने. वरच्या गल्लीचे हंबीरराव हे गावचे पुढारी. पुराच्या दिवसांत ते कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या मुलाच्या फ्लॅटवर होते, तिथून फोनवर गाव सांभाळत होते. पाणी उतरल्यावर ते आले आणि त्यांनी दादासोला स्टेजवर बोलावून फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हंबीरराव मोठे, आणि कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा, दादासो. त्या शालीनं माणूस कामातून गेला. ज्याने कुणाला न विचारता पुरात उडी घेतली होती, तो आता रोज सकाळी आंघोळ करून हंबीररावांच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागला आणि म्हैस विकायची झाली तरी आबांना, म्हणजे हंबीररावांना, विचारतो म्हणायला लागला.

मीनाबाईला हे बघवेना. पण तिला बघवत नव्हत्या अशा गोष्टी त्या वर्षी पुष्कळ होत्या. मदतीचे ट्रक आले. त्यातून लग्नातल्या शेरवान्या निघाल्या, जोडीतला एकेकच बूट निघाला, ब्लाउजपीस कापून घेतलेल्या साड्या निघाल्या. एका पोत्यात नुसते टाय होते. त्यांची दावी चांगली झाली, वासरं बांधायला. बिस्किटाचा एक पुडा द्यायला पाच जणांचे हात आणि फोटो काढणारा सहावा. पुढे एक शिबिर झालं. पोरांना भर उन्हात ओळीने उभं केलं, एका साहेबांनी शिट्टी वाजवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळे आपत्तीला सज्ज झाले असं जाहीर करून साहेब भडंग खाऊन गेले. मीनाबाईने त्यांना विचारलं होतं की मोरी बुडल्यावर पोरांनी शिट्टी ऐकून जायचं कुठं. साहेब म्हणाले, प्रश्न चांगला आहे.

तेव्हापासून तिने स्वतःच पोरांची तयारी घ्यायला सुरुवात केली. ताट वाजलं की प्रत्येकाने आपलं गाठोडं उचलायचं, धाकट्याचा हात धरायचा आणि मोरी ओलांडून वरच्या शाळेत जाऊन बसायचं. पोरांना हा खेळ वाटे. आयांना चेष्टा वाटे. पाऊस नसताना पोरं ओळीने चढ चढताना दिसली की वरच्या गल्लीतले म्हणत, मीनाबाईची दिंडी निघाली. तिने हसणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि खेळ चालू ठेवला.

याशिवाय तिला पाहिजे होती एक नाव, गल्लीत बांधून ठेवायला. तिने अर्ज केले, ग्रामसभेत आरडाओरडा केला, आणि शेवटी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून खरोखरच नाव आली. नवी कोरी, केशरी रंगाची, वल्ह्यांसकट. ती उतरवून घेतली हंबीररावांनी आणि ठेवली ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये, म्हणजे चढावर, जिथे जगबुडी आली तरी पाणी लागायचं नाही. कारण उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला मोठे साहेब यायचे होते आणि साहेबांना तारीख नव्हती. तारीख मिळाली तेव्हा फलकावर आधी नाव कुणाचं यावरून दोन गटांत जुंपली आणि ती तारीखही गेली. नावेला लाल फीत बांधलेली, हार घातलेला. हार सुकला, नवा घातला, तोही सुकला. साखळीला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे? दादासोकडे. हंबीररावांनी ती त्याच्या हातात ठेवली आणि चार लोकांत सांगितलं की उद्घाटन होईपर्यंत नावेला बोट लावू द्यायचं नाही, ही जबाबदारी आता तुझी. दादासोनं किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

दोन उन्हाळे गेले. मीनाबाई रोज घरात तोंड सोडायची आणि दादासो रोज जेवणाचं ताट घेऊन बाहेर सोप्यात जाऊन बसायचा.

आणि एका जुलैत पाणी आलं. सकाळी पोरं अंगणवाडीत जमत होती तोवर ओढा उलटा वाहायला लागला. मीनाबाईने ताट वाजवलं. पोरांनी गाठोडी उचलली, पण निम्म्या आया आडव्या आल्या. विहाराच्या भिंतीवर एकोणीसच्या पाण्याची लाल रंगाने खूण केलेली होती, आणि गल्लीचा त्या खुणेवर भरोसा मोठा. "खुणंपतूर येऊ दे की, मग निघू," एकीने सांगितलं. म्हशी दारात, चुलीवर भात, आणि पाणी अजून पायरीला नाही. ज्या खुणेने धडा शिकवायचा, तीच ह्या बायकांना धीर देत होती. मीनाबाईने त्यांना मूर्ख म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं, आणि जेवढी पोरं हाती लागली तेवढी घेऊन गुडघाभर पाण्यातून मोरी ओलांडली. शाळेत त्यांना बसवून ती परत फिरली, तर मोरी दिसेना. तिथं आता नुसतं गढूळ, धावतं पाणी होतं. खाली विहारात आसऱ्याला गेलेली उरलेली पोरं, त्यांच्या आया, म्हातारी बयाबाई आणि तिची नात क्रांती. पाणी विहाराच्या पायऱ्या चढत होतं.

मीनाबाई पळत शेडवर गेली. दादासो तिथंच होता. पाऊस वाढला म्हणून तो नावेवर ताडपत्री घालत होता. भिजू नये म्हणून. नाव!

तिने किल्ली मागितली. दादासोनं खिशातून फोन काढला आणि हंबीररावांना लावला. फोन लागला नाही. परत लावला. हंबीरराव दोन दिवसांपूर्वीच हवामानाचा अंदाज वाचून शाहूपुरीला गेले होते. तेवढी तयारी मात्र त्यांची नेहमीच चोख असते.

"आबास्नी इचारल्याबिगर कुलूप काढायचं न्हाय," दादासो म्हणाला. "शब्द दिलाय म्या."

"पोरं खाली हायत. काईल ढकलताना कुणाला इचारलं हुतं तुमी?"

 दादासो हळू आवाजात म्हणाला, "तवा किल्ली नव्हती की माझ्याकडं."

मीनाबाईला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. एवढ्याशा पितळी तुकड्याने एवढा धिप्पाड माणूस बांधून टाकला होता.  शेडच्या कडेचा धोंडा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि कुलपावर घातला. कुलूप तुटलं नाही, तिचं बोट मात्र चेचलं. ती दुसऱ्यांदा धोंडा उचलायला लागली तेव्हा दादासोनं तिचा हात धरला, गळ्यातला दोरा तोडला आणि कुलूप उघडलं. त्याही घाईत त्याने लाल फीत कापली नाही. गाठ सोडवली, घडी केली आणि खिशात ठेवली. हे मीनाबाईने पाहिलं, आणि त्या माणसाला त्याच क्षणी पाण्यात ढकलावं असं तिला मनापासून वाटलं.

दोघांनी नाव उतारावरून पाण्यात लोटली आणि मीनाबाईही आत चढली. पण एकदा वल्हं हातात आल्यावर तो जुना दादासो झाला. धारेला तिरकी नाव घालून त्याने ती विहाराच्या पायरीला नेऊन लावली. पोरं आधी, मग आया, मग खुर्चीसकट बयाबाई. शेवटच्या खेपेला लाल खूण पाण्याखाली गेली होती आणि म्हशी सोडून दिलेल्या होत्या. ज्या बाईने खुणेपर्यंत थांबायचं म्हटलं होतं, ती नावेत बसून मीनाबाईकडे बघायचं टाळत होती. मीनाबाईने तिला सोडलं नाही. पलीकडचा काठ येईस्तोवर सुनावलं.

पाणी उतरलं. गल्लीत घोट्याच्या वर चिखल, घरात साप, अंगणवाडीच्या खोलीचा दरवाजाच गायब. पोरं रात्री दचकून उठत. क्रांती तर पाण्याची बादली दिसली तरी आईच्या मागे लपायची. गाठोड्याची तयारी केलेली पोरं त्यातल्या त्यात बरी होती, पण बरी म्हणजे काय, खेळत नव्हती. मीनाबाईने नाव गल्लीत आणवली, विहारासमोरच्या उंचवट्यावर ठेवली आणि अंगणवाडी त्या नावेत भरवायला लागली. खिचडी नावेत, गाणी नावेत, दुपारची झोप नावेत. आठवडाभराने क्रांती स्वतः पुढच्या टोकाला जाऊन बसली आणि वल्हं मागायला लागली. हे काही कुठल्या शिबिरात सांगितलेलं नव्हतं. खोलीत चिखल होता आणि नाव कोरडी होती, एवढंच.

आणि मग साहेबांना पुन्हा तारीख मिळाली.

हंबीररावांनी मांडव घातला. कार्ड छापलं, 'जीवरक्षक नावेचा लोकार्पण सोहळा'. नाव आधीच पुरात उतरून खरचटली होती हे त्यांच्या कानावर होतं, पण त्याला ते वापर म्हणायला तयार नव्हते. उद्घाटन झालं नाही म्हणजे नाव अजून सुरूच झाली नाही, असा त्यांचा हिशोब. त्यांनी निरोप धाडला की नाव धुऊन, पुसून मांडवात आणावी आणि खालच्या गल्लीतली पोरं गणवेशात स्वागतगीताला उभी करावीत. निरोप घेऊन आला दादासो. इस्त्रीचा शर्ट घालून. खिशातून लाल फितीचं टोक डोकावत होतं.

पोरं नावेत खिचडी खात होती. मीनाबाई वाढत होती. दादासोनं निरोप सांगितला.

"न्या," ती म्हणाली. "पोरं उतरवा आनि न्या. मी न्हाय सांगणार त्येंस्नी. तुमीच सांगा."

दादासो नावेजवळ गेला. पोरांनी त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाने आपल्याला उचलून नावेत ठेवलं होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. क्रांती सरकली आणि त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही, पण पोरांना उतराही म्हणाला नाही. नुसता काठाला हात लावून उभा राहिला. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या.  मीनाबाई काही बोलली नाही, आणि तिच्यासाठी हे सगळ्यात अवघड काम होतं.

फोन वाजला. हंबीरराव. साहेबांची गाडी वारणानगरातून निघाली होती, नाव कुठं अडली, अशी विचारणा होती. आवाज एवढा मोठा की गल्लीला ऐकू गेला. दादासो आधी 'व्हय आबा, व्हय आबा' करत राहिला. मग पलीकडून शिवी आली.

"आबा," दादासो म्हणाला, "नाव हितंच ऱ्हाणार. उद्घाटन करायचं असंल तर साहेबास्नी घिऊन खाली या. चिखल हाय, चपला हातात घिऊन या."

पलीकडून फोन बंद झाला. ह्या गल्लीत हंबीरराव पाच वर्षांतून एकदा, मतं मागायला यायचे, आणि तेव्हाही मोरीवरूनच हात जोडायचे. त्या दिवशीही ते आले नाहीत. वर मांडवात नावेचा फ्लेक्स उभा केला, साहेबांनी फ्लेक्ससमोर फीत कापली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिक्षेपकावर ते सगळं खाली ऐकू येत होतं.

भाषण चालू असताना दादासोचा हात दोनदा खिशातल्या फोनकडे गेला. मीनाबाई बघत होती. त्याने फोन लावला नाही.